अण्णांना रोज मेसेज पाठवते, पण ते वाचतात कुठं?

प्रश्न

ताई नमस्कार, मी पुण्यात एका बँकेत नोकरीला आहे, माहेर कराडजवळच्या एका गावात. दीड-दोन महिन्यांपूर्वी अण्णांना अटॅक आला, लगेच अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले. वय ६३, साखर कारखान्यातून रिटायर झालेत, बीपी आधीपासून आणि तंबाखू तरुणपणापासून. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी बरंच सांगितलं पण तेव्हा आम्ही सगळेच हादरलेलो, कुणाच्या डोक्यात काही राहिलं नाही, आणि फाइलमधला कागद इंग्लिशमध्ये. म्हणून मीच ठरवलं की अण्णांना रोज व्हॉट्सॲपवर माहिती पाठवायची. काय खायचं काय नाही, व्यायामाचे व्हिडिओ, मोठमोठ्या डॉक्टरांची भाषणं, जे चांगलं दिसेल ते पाठवते, फॅमिली ग्रुपवरही टाकते म्हणजे काका, आत्या सगळे लक्ष ठेवतील. अण्णा उघडतात, निळी टिक दिसते, पण त्यावर एक शब्द बोलत नाहीत. उलट मागच्या आठवड्यात त्यांनीच मला फॉरवर्ड पाठवला की लसूण, आलं, लिंबाचा काढा घेतला की ब्लॉकेज विरघळतात. आणि आई सांगत होती की विचारत होते, आता बरं वाटतंय तर या गोळ्या किती दिवस घ्यायच्या. भाऊ बंगळुरूला असतो, आईकडे साधा बटणांचा फोन आहे. मेसेज पाठवून खरंच काही उपयोग होतो का? होत असेल तर कसे पाठवू, किती दिवस पाठवू?

– एक लेक, पुणे

उत्तर

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटाकडे आलीये, गोळ्या किती दिवस घ्यायच्या ही. मेसेजचं सविस्तर बोलूच, पण हे वाचून झालं की आधी अण्णांना फोन लाव, मेसेज नको, फोन. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी, ती रक्तवाहिनीत बसवली की तिच्यावर आतून पातळ अस्तर चढायला काही महिने लागतात आणि तोवर तिथे रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो. तो टाळायला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या देतात, एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांतली कुठलीतरी एक. अटॅकनंतर या दोन्ही साधारण वर्षभर चालतात, कुणाला कमी, कुणाला जास्त, ते डॉक्टर ठरवतात. सुरुवातीच्या महिन्यांत त्या मनानं बंद केल्या तर स्टेंटच गुठळीनं बंद होऊ शकतो, आणि तसा आलेला अटॅक फार वाईट असतो. आज त्यांना बरं वाटतंय त्यात या गोळ्यांचा मोठा वाटा आहे, हे त्यांना कुणी त्यांच्या भाषेत सांगितलेलं नसणार. तू सांग.

आणि सांगून झालं की गप्प बसून ऐक. का बंद कराव्याशा वाटतात ते विचार. मी डिस्चार्जच्या वेळी पेशंट आणि घरच्यांना समजावून सांगायचंच काम करते, तर मला दिसतं की "बरं वाटतंय" या दोन शब्दांमागे बरेचदा दुसरंच काहीतरी असतं. कुणाला गोळीनं पित्त होतं, कुणाचं कोलेस्टेरॉलच्या गोळीनं अंग दुखतं, टिकाग्रेलॉर घेणाऱ्या काहींना मध्येच धाप लागल्यासारखं होतं आणि त्यांना वाटतं हार्ट परत बिघडलं, कुणाच्या दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं आणि तो घाबरतो. आणि बऱ्याच घरांत सरळ पैशांचा विषय असतो, महिन्याचं मेडिकलचं बिल बघून बाप मनातल्या मनात ठरवतो की पोरांना कशाला भुर्दंड. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर डॉक्टरांकडे उपाय आहे, गोळी बदलता येते, डोस बदलता येतो, पित्तासाठी सोबत काही देता येतं, जनऔषधी केंद्रातून स्वस्तात कुठलं औषध घेतलेलं चालेल हे विचारता येतं. पण त्यासाठी खरं कारण कळायला हवं, आणि ते निळ्या टिकेतून कधीच कळणार नाही.

आता तुझा मूळ प्रश्न, मेसेजचा उपयोग होतो का. होतो, पण सगळ्याच गोष्टींना होत नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वेस्टमीड हॉस्पिटलमध्ये डॉ. क्लारा चाऊ आणि त्यांच्या टीमनं हाच प्रश्न घेऊन नीट अभ्यास केला, तो २०१५ मध्ये छापून आला. हृदयविकाराचे ७१० पेशंट घेतले, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्याच उपचारांसोबत आठवड्याला ४ साधे एसएमएस, सहा महिने. व्हिडिओ नाही, ॲप नाही, फोटो नाही. सहा महिन्यांनी मेसेज मिळणाऱ्यांचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा सरासरी साडेसातच्या आसपास कमी, वाईट कोलेस्टेरॉल साधारण ५ नं कमी, आणि सिगारेट ओढणारे एका गटात ४३ टक्के तर मेसेजवाल्या गटात २६ टक्के. साध्या एसएमएसनं एवढं होत असेल तर ते फार झालं असं माझं मत आहे. ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी मेसेज उपयोगी वाटले असंही सांगितलं.

मग त्याच लोकांनी पुढे मोठा अभ्यास केला, १४२४ पेशंट, वर्षभर मेसेज, या वेळी मुख्य प्रश्न होता की मेसेजमुळे लोक गोळ्या जास्त नियमित घेतात का. २०२२ मध्ये निकाल आला, फरक पडला नाही. आहार आणि वजनात थोडी सुधारणा दिसली पण गोळ्यांच्या नियमितपणात नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघ. चालणं, खाणं, व्यसन, म्हणजे ज्या गोष्टी माणूस दिवसभर बारीक बारीक निर्णय घेऊन करतो, तिथे वेळेवर आलेला चार शब्दांचा मेसेज कामाला येतो. गोळी मात्र आठवण राहत नाही म्हणून सुटते त्यापेक्षा शंका, त्रास आणि खर्च यामुळे जास्त सुटते असं मला इतक्या पेशंटांशी बोलून वाटतं, आणि शंका बोलूनच फिटते. आपल्याकडे भारतात १४ हॉस्पिटलांमध्ये ८०० च्या वर पेशंटांवर झालेल्या अभ्यासात प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक हॉस्पिटलमध्ये आणि मग घरी जाऊन पेशंटशी बोलायचे, डायरी, चित्रं घेऊन समजावायचे. वर्षानं त्या गटात गोळ्या नियमित घेणारे ९७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ९२. हे आरोग्यसेवक म्हणजे डॉक्टर नव्हते बरं का, पण समोर बसून ऐकणारी माणसं होती. म्हणूनच वर म्हटलं, गोळ्यांसाठी फोन, आणि जमेल तेव्हा कराडची एसटी पकडून समोरासमोर.

आता सिडनीवाल्यांचे मेसेज कसे होते आणि तुझे कसे आहेत ते बघू, कारण तुझी धडपड खरी आहे, तिची फक्त दिशा बदलायला पाहिजे. त्यांचा मेसेज एका एसएमएसमध्ये मावेल एवढा, म्हणजे १६० इंग्लिश अक्षरांच्या आत. मराठीत तर एका एसएमएसमध्ये ७० च अक्षरं बसतात. एका मेसेजमध्ये एकच गोष्ट, बऱ्याच मेसेजमध्ये पेशंटचं नाव, आणि माणूस बघून मजकूर, म्हणजे जो सिगारेट ओढत नाही त्याला सिगारेटचा मेसेज जाणार नाही, जो शाकाहारी आहे त्याला मटणाचा जाणार नाही. आठवड्याला चार, वेळ वेगवेगळी, आणि उत्तराची सक्ती नाही. तू रोज पाठवतेस, त्यात एक वीस मिनिटांचं भाषण, एक यादी, एक व्यायामाचा व्हिडिओ जो तिशीतल्या पोरांसाठी बनवलाय. ६३ वर्षांचा माणूस, जो नुकताच मरणाच्या दारातून परत आलाय, त्याला ती सगळी यादी बघून एवढंच वाटतं की आता आपल्याला काहीच करता येणार नाही, काहीच खाता येणार नाही. म्हणून ते बोलत नाहीत. रागानं नसावं ते.

तर पहिलं काम, त्यांना विचार. "अण्णा, मी आठवड्यातून चार वेळा तुम्हाला छोटा मेसेज पाठवला तर चालेल का, कधी पाठवू, सकाळी का जेवल्यावर?" हे विचारणं फार मोठं आहे. मुलं आईबापांचं दुखणं हातात घेतात आणि त्यांना विचारायचंच राहतं. दुसरं काम, फॅमिली ग्रुपवर त्यांच्या तब्येतीचं काहीही टाकणं आजपासून बंद. रिपोर्ट नाही, बीपी नाही, "अण्णा आज चालले नाहीत" हे तर अजिबात नाही. काका-आत्यांना काळजी असते पण ग्रुपवर अण्णांच्या खाण्यावर चर्चा सुरू झाली की घरातला कर्ता माणूस आरोपीसारखा उभा राहतो, आणि मग तो लपवायला लागतो. मेसेज एकाच माणसानं पाठवायचे, म्हणजे तू, आणि फक्त त्यांना. भावाला सांग की त्यानं आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करायचा आणि त्यात पथ्याचा विषय काढायचा नाही, क्रिकेट, कारखान्याची निवडणूक, काहीही बोला.

मजकूर काय असावा? फाइल घेऊन पुढच्या फॉलोअपला तू स्वतः जा किंवा डॉक्टरांशी फोनवर बोल आणि चार गोष्टी लिहून घे: हार्टचं पंपिंग (रक्त ढकलायची ताकद) किती टक्के आहे, किती चालायचं आणि किती उचलायचं, बीपी किती राहायला हवं, आणि कुठली गोळी कशासाठी. यातून मेसेज तयार कर, नेटवरून नको. नेटवरचं ज्याच्यासाठी लिहिलंय तो पेशंट वेगळा असतो. मी माझ्या पेशंटांच्या घरच्यांना नमुने लिहून देते, तसे तुलाही देते, शब्द तू बदल, तुमच्या घरात बोलता तसे कर.

"अण्णा, आज ओढ्यापर्यंत जाऊन आलात का? चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं तर थांबायचं, बसायचं, मग हळू घरी."

"अण्णा, जेवताना वरून मीठ नको. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण यांत मीठ आधीच भरपूर असतं."

"अण्णा, गुडघे दुखले तर मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नका, काही पेनकिलर हार्ट आणि बीपीला चालत नाहीत. मला फोन करा, मी डॉक्टरांना विचारते."

"अण्णा, दात काढायची वेळ आली तर आधी सांगायचं की स्टेंट आहे. रक्त पातळ करायची गोळी हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, कुणीही सांगितलं तरी."

बघ, प्रत्येकात एकच गोष्ट आहे आणि बहुतेकांत का करायचं ते पण आहे. नुसतं "मीठ कमी खा" ही ऑर्डर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे भाजी, आमटी, भाकरी, लोणचं सगळं धरून एक लहान चमचा. हे अण्णांना पाठवून उपयोग नाही कारण स्वयंपाक आई करते. आईला फोनवर सांग की घरातल्या सगळ्यांचीच भाजी कमी मिठाची कर, एकट्या अण्णांची वेगळी नको, वेगळं ताट आलं की माणसाला आजारी असल्यासारखं वाटतं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कडधान्याची उसळ, ताक, हे तुमच्याकडे रोजचंच आहे, त्यासाठी ओट्स-बिट्स आणायची गरज नाही. पिठल्यावरची तेलाची तर्री आणि रविवारच्या रश्श्यावरचा तवंग मात्र कमी करायला पाहिजे. मटणाबद्दल डॉक्टरांशी बोल, सरसकट आयुष्यभर बंद असं बहुतेक डॉक्टर म्हणत नाहीत, पण किती आणि कधी ते त्यांनी सांगितलेलं बरं, कारण लेकीनं सांगितलं की भांडण होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं की पथ्य होतं.

मेसेज कॅलेंडर बघून पाठव, हे माझं सगळ्यात आवडतं आहे. उद्या एकादशी असेल तर आज संध्याकाळी मेसेज जावा, "अण्णा, उद्या उपास असला तरी गोळ्या चुकवायच्या नाहीत, आधी केळं, दूध काहीतरी खाऊन मग घ्या, आणि साबुदाणा वडे तळायला आईला सांगू नका." गावची जत्रा, लग्नसराई, उन्हाळा, प्रत्येक वेळी वेगळी अडचण असते. कडक उन्हात बीपीच्या काही गोळ्यांनी चक्कर येऊ शकते, तेव्हा पहाटे किंवा संध्याकाळी चाला आणि उठताना सावकाश उठा हे त्या दिवसांत सांगितलं तर लक्षात राहतं, जानेवारीत सांगून काय उपयोग. कुठे प्रवासाला निघाले तर आदल्या रात्री "गोळ्यांची पिशवी सामानात नको, जवळच्या पिशवीत ठेवा" एवढंच.

वाचायला त्रास होत असेल, चष्मा शोधायचा कंटाळा असेल, तर आवाजात रेकॉर्ड करून पाठव, अर्ध्या मिनिटाच्या आत. घरात नातवंड असेल तर त्याच्या आवाजात "आजोबा, आज किती चाललात?" असा प्रश्न जाऊ दे. मी पाहिलंय की ज्या प्रश्नाला मुलीला उत्तर मिळत नाही त्याच प्रश्नाला नातवाला मिळतं. आईकडे बटणांचा फोन आहे तर तिला मराठीत एसएमएस पाठवून बघ, काही जुन्या फोनवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, तसं झालं तर सरळ ठरावीक वेळेचा फोन. गोळ्यांची डबी, वार आणि सकाळ-रात्र असे खण असलेली, मेडिकलमध्ये मिळते, ती आणून दे आणि रविवारी आई-अण्णांनी मिळून भरायची. खण रिकामा आहे की भरलेला हे बघून कळतं, रोज विचारावं लागत नाही. "गोळी घेतली का?" हा मेसेज रोज पाठवूच नकोस गं, पंधरा दिवसांत तो बघायचासुद्धा बंद होतो.

निळ्या टिकेचंही तसंच. उत्तर आलं नाही म्हणून परत विचारू नकोस, इतरांनाही विचारायला लावू नकोस. पण उत्तर द्यायची वाट मोकळी ठेव. बीपीचं मशीन घरी असेल तर आठवड्यातला एक वार ठरवा, सकाळी पाच मिनिटं शांत बसून मोजायचं आणि स्क्रीनचा फोटो तुला पाठवायचा. तो फोटो आला की तू काय करतेस यावर पुढचं सगळं आहे. आकडा वाढला म्हणून लगेच लेक्चर दिलंस तर पुढच्या आठवड्यापासून फोटो बंद होईल. "मिळाला अण्णा, वहीत लिहून ठेवला, डॉक्टरांना दाखवू" एवढंच लिही. फार जास्त वाटला किंवा सोबत त्रास होत असेल तर मात्र लगेच फोन, त्यांना आणि डॉक्टरांना.

तंबाखूबद्दल तू एकच ओळ लिहिलीस पण माझ्या मते गोळ्यांनंतर लगेच हीच गोष्ट येते. अटॅकनंतर तंबाखू सोडण्यासारखा दुसरा फायदा नाही, आणि चुना-तंबाखू ओढायची नसते म्हणून हार्टला चालते असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे, निकोटीन दाढेखालूनही रक्तात जातं आणि बीपी, ठोके वाढवतंच. इतक्या वर्षांची सवय रागावून सुटत नाही. तलफ येते ती ठरावीक वेळी, जेवणानंतर, पारावर मित्र बसले की, सकाळी पोट साफ व्हायला म्हणून. ती वेळ त्यांनाच विचार आणि मेसेज त्या वेळेला पाठव. तलफ थोड्या मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप, लवंग, पाण्याचा घोट, किंवा तुझा एक फोन, बस. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठी फोनवर मोफत मदत आहे, १८००-११२-३५६, हा नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. पहिला फोन तू त्यांच्यासोबत बसून लाव.

आता काढ्याचा फॉरवर्ड. त्यावर "अण्णा हे खोटं आहे, असलं काही पाठवू नका" असं लिहू नकोस. तो फॉरवर्ड पाठवून त्यांनी तुला त्यांची इच्छा सांगितलीये, की गोळ्यांशिवाय, घरातल्या वस्तूंनी बरं व्हावं. त्यात चूक काही नाही. म्हणून असं लिही, "अण्णा, लसूण-आलं जेवणात खूप चांगलं, खा. पण रक्तवाहिनीत साठलेली चरबी काढ्यानं विरघळत नाही, आणि काढा घेऊन गोळी सोडली तर स्टेंटला धोका आहे. कुठलंही आयुर्वेदिक घ्यायचं तर आधी डॉक्टरांना दाखवू." अर्जुनसालीचं चूर्ण वगैरे बरेच लोक परस्पर सुरू करतात, ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि एक फॉरवर्ड कितीतरी वर्षांपासून फिरतोय, एकट्याला अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा म्हणजे हार्ट चालू राहतं, तो अण्णांपर्यंत कधीतरी येणारच. तो यायच्या आधीच तू सांगून ठेव की यावर विश्वास ठेवायचा नाही, खोकण्यात जो वेळ जातो तो मदत बोलवायचा वेळ असतो.

ती मदत कशी बोलवायची हे मेसेजमध्ये पाठवून विसरून जाऊ नकोस, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरात दर्शनी भिंतीवर लाव. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ, यांतलं काही झालं तर बसायचं, चालायचं नाही. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती बसूनच घ्यायची कारण तिनं बीपी एकदम उतरतं, आणि पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ ला फोन. गॅस झाला असेल म्हणून सोडा पिऊन बघायचा नाही, आणि पुण्याला लेकीला मेसेज करून उत्तराची वाट बघायची नाही. आईलाही १०८ लावता आला पाहिजे, तिच्या बटणांच्या फोनवर तिच्याकडून आकडे दाबून घे, कॉल न लावता.

दोन गोष्टी तुझ्या मेसेजमध्ये बसणार नाहीत, त्या दुसऱ्यावर सोपव. एक मन. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला चांगलंच डिप्रेशन येतं, आणि आपल्याकडचे पुरुष ते बोलत नाहीत, फक्त चिडतात किंवा गप्प होतात, झोप उडते, टीव्हीसमोर बसून राहतात. अण्णा तुझ्याच मेसेजवर गप्प आहेत की सगळ्यांशीच गप्प आहेत हे आईला नीट विचार. सगळ्यांशी गप्प असतील तर फॉलोअपला डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्यावर उपचार असतात आणि ते हार्टसाठीही लागतात. दुसरी गोष्ट नवरा-बायकोच्या संबंधांची. हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, लेकीला कुणी विचारणार नाही आणि तू सांगायचंही नाहीस. जावई किंवा भाऊ यांपैकी कुणीतरी अण्णांना डॉक्टरांसोबत पाच मिनिटं एकटं सोडावं. साधारण दोन जिने न थांबता, दम न लागता चढता आले की बहुतेकांना डॉक्टर परवानगी देतात, पण त्यासाठीची कुठलीही गोळी मेडिकलमधून गुपचूप आणून खायची नाही, जिभेखालच्या गोळीसोबत ती जीवघेणी ठरू शकते, आणि हे डॉक्टरांच्या तोंडून गेलं पाहिजे.

किती दिवस पाठवायचं विचारलंस. सहा महिने नीट पाठव, आठवड्याला चार, मग अण्णांनाच विचारून दोनवर आण. वर्षाच्या आसपास डॉक्टर रक्त पातळ करणाऱ्या दोनपैकी एक गोळी बंद करतील अशी शक्यता आहे, आणि तिथे फार घोटाळा होतो, लोक दोन्ही सोडतात किंवा चुकीची सोडतात, सोबत कोलेस्टेरॉलचीही सोडतात कारण त्यांना वाटतं कोर्स संपला. ती तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेव, आणि त्या फॉलोअपला सुट्टी काढून स्वतः सोबत जा.